मुलांचे पाय, शाळेचे बूट आणि इनसोलची विक्री

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळेचे नवे वर्ष सुरू झाले की गणवेश, वह्या आणि रेनकोटच्या खरेदीत हल्ली आणखी एका वस्तूची भर पडते: बुटात घालायचे इनसोल. मुलाला काचेच्या यंत्रावर उभे करायचे, तळव्याचा रंगीत ठसा पडद्यावर दाखवायचा, 'कमानच नाही हो याला' म्हणायचे आणि आत्ताच काही केले नाही तर गुडघे झिजतील, कणा वाकेल अशी भीती घालून काही हजारांची जोडी गळ्यात मारायची, असा हा प्रकार. दुकानांत हे चालतेच, पण मोफत तपासणीच्या नावाखाली भरणाऱ्या काही शिबिरांतही तेच टेबल मांडलेले दिसते, म्हणून हे पत्र.

आम्ही लहान मुलांच्या हाडा-सांध्यांवर उपचार करणारे आणि फिजिओथेरपीचे काम करणारे लोक आहोत. चार वर्षांच्या मुलाचा सपाट तळवा, आत वळलेले पाऊल, एकमेकांना घासणारे गुडघे हे बहुतेक वेळा वाढीचेच टप्पे असतात. त्यांना खास बूट लागत नाहीत, आणि बुटांनी ते बदलतही नाहीत. ज्या थोड्या मुलांना खरोखर उपचार हवा असतो ती मात्र 'मोठा झाला की सुटेल' म्हणून घरी राहतात आणि हाताशी असलेली वर्षे निघून जातात. या दोन गटांत फरक कसा करायचा ते पालकांना आणि शिक्षकांना घरी, वर्गात कळण्यासारखे आहे.

आधी गुडघे, कारण घाबरून येणाऱ्या पालकांत तेच जास्त असतात. जन्मलेल्या बाळाचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेलेच असतात. नऊ महिने पोटात पाय दुमडून राहिल्यावर दुसरे काय होणार? मूल उभे राहू लागले की हा बाक जास्तच डोळ्यांत भरतो. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास पाय सरळ होतात, पण तिथे थांबत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या वर्षी गुडघे आत येऊन एकमेकांना लागतात आणि घोट्यांमध्ये अंतर पडते. मग सहा-सात वर्षांपर्यंत हळूहळू मोठ्या माणसाच्या मापावर येतात, म्हणजे गुडघ्यात पाच ते सात अंशांचा आतला कल उरतो. फिनलंडच्या सालेनियस आणि वांका यांनी हजारावर मुलांचे कोन मोजून १९७५ साली हा क्रम मांडला आणि आजही डॉक्टर तोच वापरतात. तेव्हा वर्षाच्या बाळाचे फेंगडे पाय आणि साडेतीन वर्षांच्या मुलीचे घासणारे गुडघे, दोन्ही वेळापत्रकाप्रमाणे चालले आहे. चार वर्षांच्या मुलाचे पाय अजून धनुष्यासारखे असतील किंवा वर्षाच्या बाळाचे गुडघे आत येत असतील, तर मात्र क्रम उलटा आहे. तिथे थांबू नये.

घरी मोजता येते, फक्त एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. मुलाला चड्डीवर, अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभे करा आणि गुडघ्यांच्या वाट्या बरोबर समोर येतील असे पाय ठेवा. पावले समोर आली म्हणून भागत नाही, वाट्या समोर हव्यात. मांडीचे किंवा नडगीचे हाड पिळलेले असेल तर पावले सरळ केल्यावर वाट्या आत किंवा बाहेर बघतात, आणि सरळ पायही वाकडा दिसतो. पाय बाहेर वाकलेले असतील तर दोन्ही घोटे जुळवून गुडघ्यांमधले अंतर मोजा. ६ सेंटिमीटरच्या वर गेले तर दाखवायला हवे. गुडघे आत येत असतील तर ते नुसते टेकवून, दाबून नव्हे, घोट्यांच्या आतल्या हाडांमधले अंतर मोजा. तिथे हद्द ८ सेंटिमीटरची. जाड मांड्यांच्या मुलात हे माप फुगते, हे ध्यानात ठेवा. एकदाच घेतलेल्या मापापेक्षा चार-सहा महिन्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापे डॉक्टरांना जास्त सांगतात. फोनवर फोटो काढून ठेवलात तर उत्तमच, पण फोन मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरा. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत सगळेच पाय वाकडे येतात.

पाय वाकले की घरात आणि शेजारात कारणे तयार असतात: कडेवर घेतले म्हणून, डायपर घातला म्हणून, लवकर उभे केले म्हणून, मालिश नीट झाली नाही म्हणून. यांतल्या एकानेही निरोगी हाड वाकत नाही. कमरेच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून मूल कडेवर बसवणे तर खुब्याच्या सांध्याला चांगलेच. उलट 'पाय सरळ व्हावेत' म्हणून बाळाला दुपट्यात पाय ताणून घट्ट आवळले तर खुबा सांध्यातून निसटण्याचा धोका वाढतो. दुपटे छातीभोवती गुंडाळा, खाली मात्र बाळाला पाय वर दुमडून बाजूला उघडता आले पाहिजेत. तेल लावून चोळायला कुणाची हरकत नाही. पाय ओढून, गुडघे दाबून 'सरळ' करणे मात्र बंद व्हावे. मुडदूस (हाडे मऊ राहण्याचा आजार) असलेल्या बाळाचे हाड त्यात मोडू शकते.

सूर्य भरपूर असलेल्या गोव्यात मुडदूस कसा होईल, असे पालक विचारतात. होतो. काचेतून आलेल्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण नसतात. सकाळच्या कोवळ्या उन्हातही ते फार थोडे असतात. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेले, आणि बाळ तर तसेही घरातच. आईच्या दुधात ड जीवनसत्त्व जवळजवळ नसतेच, त्यातून आईलाच कमतरता असली तर बाळ रिकाम्या साठ्यानेच जन्मते. म्हणून पहिल्या वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब द्यायचे असतात, अंगावर दूध पिणाऱ्या बाळाला तर नक्कीच. इथे एक चूक वारंवार होते. काही बाटल्यांत एका मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असतात, काहींत ८००. औषधाच्या दुकानात कंपनी बदलून मिळते आणि घरी ड्रॉपरची खूण तीच राहते. दर नव्या बाटलीवर 'प्रति मिली' काय छापले आहे ते वाचा.

मुडदुसाचा बाक एकटा येत नाही. मनगटे रुंद दिसतात, छातीवर बरगड्यांच्या टोकांशी मण्यांची ओळ लागते, टाळू उशिरा भरते, दात आणि चालणे लांबते, उंची मागे पडते. असे काही दिसले तर मनगट व गुडघ्याचा एक्स-रे आणि रक्तात कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज व ड जीवनसत्त्व तपासावे. उपचार म्हणजे साधारण तीन महिने रोज ठरावीक मात्रा आणि सोबत कॅल्शियम. औषध लागू पडले की लहान मुलाचे पाय पुढच्या वर्ष-दोन वर्षांत पुष्कळदा आपोआप सरळ होतात. रक्त ताळ्यावर यायच्या आधी हाडाचे ऑपरेशन केले तर बाक परत येतो. ६०,००० युनिटची पुडी 'हाडांना चांगली' म्हणून महिनोन्महिने आपल्या मनाने देत राहणे मात्र धोक्याचे आहे. रक्तात कॅल्शियम चढले की उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान लागते आणि पुढे मूत्रपिंडात खडे होतात. आणि पुरेसे ड देऊनही मूल सुधारत नसेल, रक्तात फॉस्फरस कमी असेल, तर तो मुडदुसाचा आनुवंशिक प्रकार असू शकतो. तिथे आणखी पुड्या देऊन काही होत नाही, उपचारच वेगळा असतो.

खाण्यात कॅल्शियमची गरज एक ते तीन वर्षांत रोज ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असते, सात ते नऊ वर्षांत ६५०. पेलाभर दुधातून अडीचशेच्या आतबाहेर मिळते, १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असते. मुलांना नाचणीचे तिजान देणारी घरे याबाबतीत बिस्किटे देणाऱ्या घरांपेक्षा शहाणी म्हणायची. काट्यासकट खाता येणारी बारीक सुकी मासळी कॅल्शियम देते, बांगडा-तारल्यांतून थोडे ड जीवनसत्त्वही मिळते. पण जून-जुलैत मासेमारी बंद, आणि शाकाहारी घरांत तेही नाही. त्यामुळे माशांवर विसंबून बाळाचे थेंब बंद करू नयेत.

बाहेरच्या बाकाचा आणखी एक प्रकार आहे, ब्लाउंट रोग. तो चटकन ओळखू येत नाही. वजनदार आणि लवकर चालू लागलेल्या मुलांत तो जास्त दिसतो. नडगीच्या वरच्या टोकाला आतल्या बाजूची वाढ दबते आणि दोन वर्षांनंतर बाक कमी व्हायचा तो वाढतच जातो. चालताना प्रत्येक पावलाला गुडघा बाहेरच्या बाजूला झोक देताना दिसतो, तो पाहून ठेवावा. सरळ करायचे ऑपरेशन लागलेच तर ते चार वर्षांच्या आत झालेले बरे, नंतर बाक परत येण्याचे प्रमाण वाढते. एकच पाय वाकडा असेल, मग तो आत असो की बाहेर, तर वय न बघता दाखवावे.

आठ-नऊ वर्षांनंतरही गुडघे तसेच घासत असतील आणि घोट्यांमधले अंतर वाढत असेल, तर आज एक साधा उपाय आहे, आणि तो वेळेत न केल्याचे वाईट वाटते. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या वाढीच्या थराच्या वर-खाली दोन स्क्रू मारून छोटी पट्टी बसवतात. त्या बाजूची वाढ थांबते, दुसरी बाजू वाढत राहते आणि पाय महिन्याला साधारण एक अंश या गतीने सरळ होतो. सरळ झाला की पट्टी काढायची. मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चालते. पण यासाठी वाढीचे किमान वर्षभर तरी शिल्लक हवे. मुलींची वाढ साधारण तेरा-चौदाला आणि मुलांची पंधरा-सोळाला संपत येते. सोळाव्या वर्षी भरतीची किंवा लग्नाची चिंता घेऊन आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या बाबतीत हाड कापून बसवण्याशिवाय पर्याय उरत नाही.

आता सपाट तळवा. तीन वर्षांपर्यंत तो जवळजवळ प्रत्येक मुलाचा सपाट दिसतो, कारण कमानीच्या जागी चरबीची गादी असते आणि सांध्यांचे बंध सैल असतात. कमान पाच-सहा वर्षांपर्यंत दिसू लागते, काहींची आठ-दहापर्यंत. न्हाणीतून बाहेर आलेल्या ओल्या पायाचा लादीवरचा ठसा पाहून निदान करू नका, आणि त्या महागड्या यंत्रावरूनही नको. दोन्ही इतकेच सांगतात की उभे असताना तळवा टेकतो. खरा प्रश्न आहे पाय लवचिक आहे की ताठ. मुलाला पाठमोरे चवड्यांवर उभे करा. टाच उचलली जाताना ती आत वळली आणि तळव्याखाली कमान उमटली, तर पाय लवचिक आहे. उभ्या मुलाचा अंगठा आपल्या बोटाने वर उचलला तरी कमान वर येते. असा पाय दुखत नसेल, मूल धावत-उड्या मारत असेल, तर काहीही करायचे नाही. पुढे भरतीत नापास होईल अशी भीती दाखवली जाते, पण हवाई दलाचे वैद्यकीय निकषसुद्धा चवड्यांवर उभे राहिल्यावर कमान दिसणारा, लवचिक, न दुखणारा पाय चालतो असेच सांगतात.

इनसोल घालून कमान तयार होते का, याचे उत्तर १९८९ सालीच मिळाले आहे. अमेरिकेत वेंगर आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांचे गट करून तीन वर्षे खास बूट आणि साचे (पायाच्या मापाने बनवलेले इनसोल) दिले, काही मुलांना काहीच दिले नाही. पाय सगळ्यांचेच सुधारले, गटागटांत फरक पडला नाही. त्याहून जवळचे उदाहरण कर्नाटकातले. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांचे पायठसे तपासून १९९२ साली लिहिले की पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के आणि अनवाणी मुलांत २.८ टक्के होते. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त, सँडल-चपलांवाल्यांत त्याहून कमी. म्हणजे आधी सहा तास बंद बूट सक्तीचे करायचे आणि मग त्या बुटात घालायला कमान विकायची, असे चालले आहे.

इनसोल कधीच नको असे आम्ही म्हणत नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाचा लवचिक पाय चालून-खेळून आतल्या बाजूला दुखत असेल तर मऊ, तयार मिळणारा इनसोल आराम देतो. कमान तो बनवत नाही. आणि तो घालण्याआधी टाचेची शीर, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा दोर, तपासा. गुडघा सरळ ठेवून, पाऊल किंचित आत वळवून, ते नडगीकडे वर करा. काटकोनाच्या पुढे दहा अंश तरी यायला हवे. येत नसेल तर शीर आखडली आहे, आणि अशा पायाखाली कडक साचा घातला तर दुखणे वाढते. इथे ताणच कामाचा: भिंतीला हात, एक पाय मागे, मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला, पाऊल जरासे आत. तीस सेकंद थांबायचे, प्रत्येक पायाने चार-पाच वेळा, दिवसातून दोनदा, दोन-तीन महिने. मुले हमखास पाऊल बाहेर वळवून टाच टेकवतात. तसे केले की पोटरी ताणली जातच नाही, पावलाचा मधला सांधाच दबतो.

चवड्यांवर उभे राहूनही कमान न येणारा, ताठ पाय वेगळा. त्यात पावलाची दोन हाडे जन्मतः जोडलेली असू शकतात. लहानपणी तो जोड कूर्चेचा असतो, आठ ते सोळा वर्षांच्या दरम्यान हाडाचा होऊ लागला की दुखणे सुरू होते. खेळताना वारंवार पाय मुरगळणारा मोठा मुलगा आळशी नसतो, त्याचे हे पाऊल तपासावे.

फुटबॉल खेळणाऱ्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांच्या टाचेचे दुखणे बहुतेक वेळा टाचेच्या वाढीच्या थराचे असते. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की मूल ओरडते. कडक मैदान आणि पातळ तळव्याचे स्टड यांनी ते वाढते. काही आठवडे खेळ कमी, टाचेखाली सुमारे एक सेंटिमीटरची मऊ उंची आणि वर सांगितलेला ताण, एवढ्याने भागते. पायाच्या आकाराशी त्याचा संबंध लावू नये.

पाऊल आत टाकून चालण्याची कारणे तीन ठिकाणी असतात, आणि वयावरून ठिकाण ओळखता येते. पहिल्या वर्षात कारण पावलातच: तळव्याची बाहेरची कड सरळ नसून आत वळलेली. टाच धरून पुढचा भाग बाहेर ढकलला आणि तो सहज सरळ झाला तर तो आपोआप सुटतो. ताठ असेल तर सहा-नऊ महिन्यांच्या आत प्लास्टरने सुधारतो, म्हणून तेव्हाच दाखवावे. एक ते तीन वर्षांत कारण नडगीच्या पिळाचे, चार-पाचपर्यंत जाते. तीननंतर मांडीच्या हाडाचे: जन्माला असलेला सुमारे ४० अंशांचा पीळ मोठेपणी १५ वर येतो, आणि ते व्हायला आठ-दहा वर्षे लागतात. हीच मुले पाय मागे दोन बाजूंना टाकून बसतात. तसे बसल्याने पीळ होत नाही, पीळ असल्याने तसे बसणे सोपे जाते. मांडी घालायला सांगा, पण त्यावरून घरात रोज भांडण नको. उलटसुलट बूट घालणे, पट्टे, स्प्रिंगचे बूट, यांपैकी कशानेही हाडाचा पीळ सुटत नाही.

पाऊल एकदम बाहेर वळू लागणे मात्र गंभीर असू शकते. दहा ते सोळा वर्षांचे, बहुधा जाड मूल लंगडते, मांडी किंवा गुडघा दुखतो म्हणते, गुडघ्याचा एक्स-रे मात्र स्वच्छ. अशा वेळी खुब्याचा एक्स-रे त्याच दिवशी काढावा आणि मुलाला चालवू नये. खुब्याचा गोळा वाढीच्या थरावरून घसरत असतो. असा खुबा चोळण्यात आठवडे घालवले तर सांधा कायमचा जातो. चवड्यांवर चालणेही दोन-तीन वर्षांपर्यंत चालते. त्यानंतर, किंवा एकाच पायाने, किंवा जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकत उठणाऱ्या मुलात, ते मेंदू, स्नायू वा खुब्याचे लक्षण असू शकते.

जन्मतः आत-खाली वळलेला पाय, म्हणजे क्लबफूट, हा वाट न बघण्याचा विषय. बाळ एक-दोन आठवड्यांचे असतानाच पॉन्सेटी पद्धतीने प्लास्टर सुरू करावे: दर आठवड्याला एक, मांडीपर्यंत, गुडघा काटकोनात, साधारण पाच ते सात प्लास्टरे. शेवटी बहुतेकांना टाचेची शीर सुईएवढ्या छेदाने सैल करतात आणि तीन आठवड्यांचे शेवटचे प्लास्टर. प्लास्टर आदल्या रात्री घरी भिजवून काढून ठेवू नका. काही तासांत पाय मागे फिरतो आणि आठवड्याची कमाई थोडी वाया जाते. ते दवाखान्यात, नवे घालण्याच्या जरा आधीच काढावे. रोज बोटे बघा. दाबून सोडलेले बोट दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झाले पाहिजे. बोटे प्लास्टरच्या आत सरकून दिसेनाशी झाली तर ते घसरले आहे, पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

खरे अपयश मात्र प्लास्टरनंतर येते. दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर झोपेत १२ ते १४ तास, चार-पाच वर्षांपर्यंत घालायचे असतात. वाकडा पाय दांडीवर ६० ते ७० अंश बाहेर, चांगला ३० ते ४०, आणि दांडीची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी. बूट घालताना आधी मधला पट्टा आवळा आणि टाच तळाला टेकली आहे का ते मागच्या भोकातून बघा. पाय सरळ दिसतो म्हणून सहा महिन्यांत बूट माळ्यावर गेले की पाय परत वळतो. काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यांतून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दर आठवड्याला तान्हे बाळ घेऊन येणे सोपे नाही हे आम्ही जाणतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून क्लबफूट आणि निसटलेला खुबा या दोन्हींचा समावेश आहे. दांडीच्या बुटांच्या नव्या मापासाठी तरी या कुटुंबांना आपल्या जवळच्या जिल्हा रुग्णालयापलीकडे जावे लागू नये.

राहिले रोजचे बूट. संध्याकाळी, मूल उभे असताना, दोन्ही पाय मापा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. 'वर्षभर चालेल' म्हणून दोन नंबर मोठा घेतलेला बूट टाचेत निसटतो आणि मूल बोटे आवळून चालते. बूट हातात घेऊन वाकवा: चवड्याशी वाकला पाहिजे, मध्ये नव्हे. घरात अनवाणीच बरे, कोरड्या दिवसांत वाळूवरही. पावसात शेता-चिखलात मात्र नको, लेप्टोस्पायरोसिसचा आणि जंतांचा धोका असतो.

शिक्षण खात्याकडे आमच्या दोन मागण्या आहेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांत शाळांनी बंद काळ्या बुटांची सक्ती सोडून मागे पट्टा असलेले रबरी सँडल चालवावेत. ओल्या मोज्यांत सहा तास बसलेल्या पायांना बुरशी येते, ती वेगळीच. आणि शाळेत पाय तपासायचे असतील तर जरूर तपासावेत: चवड्यांवर उभे करणे, वाट्या समोर ठेवून अंतर मोजणे, दहा पावले चालवणे, दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते बघणे. एका मुलाला तीन मिनिटे पुरतात, यंत्र लागत नाही. फक्त जो तपासतो त्याला त्याच शाळेत काहीही विकायची परवानगी नसावी.

आपले,
बाल-अस्थिरोग व बाल-फिजिओथेरपी क्षेत्रांत काम करणारे काही जण
पणजी, गोवा